गाविलगडच्या तोफा आणि वऱ्हाडातल्या पांदणी



मी सरळ विषयाला हात घालतो. विषय पदार्थविज्ञानाचा आहे, आणि शाळेत तो बहुतेकांना नकोसा झालेला असतो: कार्य, ऊर्जा आणि घर्षण. पण आज फळ्यावरच्या ठोकळ्याबद्दल आणि उतरत्या फळीबद्दल बोलायचे नाही. आज एकच प्रश्न घ्यायचा आहे. जड वस्तू ओढताना ओढणाऱ्याची शक्ती नेमकी जाते कुठे? ज्या प्रदेशाने शेकडो वर्षे कापसाची ओझी ओढली, बैलांनी ओढली, माणसांनी ओढली, त्या वऱ्हाडाने तरी हा प्रश्न विचारायला हवा. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर ते तपासून पाहता येईल. ओझे ओढताना आपण जी शक्ती खर्च करतो तिच्यातला मोठा वाटा ओझ्यासाठी खर्चच होत नाही. तो वाटेसाठी खर्च होतो. म्हणून ओढणाऱ्याचा जोर वाढवण्याआधी वाट सुधारली पाहिजे. आणि आपण दीडशे वर्षे काय केले? जिथे वाट आधीच बरी होती तिथेच ती आणखी गुळगुळीत केली, आणि जिथे ती सगळ्यात वाईट होती तिथे पाहिलेसुद्धा नाही.

पुरावा आपल्याच मुलखातला देतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांची फौज अचलपूरला आली आणि तिने गाविलगडाकडे मोर्चा वळवला. सेनापती आर्थर वेलस्ली. ही आपल्या हारीची गोष्ट आहे, किल्लेदार बेनीसिंग आणि त्याच्या माणसांच्या मरणाची गोष्ट आहे. तिचा गौरव करायला मी उभा नाही. पण हार का झाली हे समजून घेणे आपले काम आहे, आणि त्या कारणांत एक कारण शुद्ध पदार्थविज्ञानाचे आहे. गाविलगड समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीकडून, अंतर कमी पण कडा उभा. उत्तरेकडून उतार सौम्य, पण तिथे पोहोचायला डोंगरदऱ्यांतून लांबचा वळसा. वेलस्लीने फौजेचे दोन भाग केले. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला अचलपूरहून निघाली आणि सुमारे ३० मैलांचा वळसा घालून १२ डिसेंबरला गडाच्या उत्तरेला पोहोचली. तिच्याबरोबर १८ पौंडी लोखंडी तोफा होत्या, १२ पौंडी होत्या, दारूगोळा होता. १८ पौंडी म्हणजे १८ पौंडांचा गोळा फेकणारी. तोफेचे स्वतःचे वजन सुमारे २ टन. या तोफा जवळजवळ सगळी वाट माणसांनी हातांनी ओढून नेल्या. पण ओढण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. त्यांनी रस्ता तयार केला. डोंगरात रस्ता नव्हताच; सैनिकांनी तो आधी केला आणि मग त्यावरून तोफा ओढल्या.

त्याच रात्री दक्षिणेला काय घडले? तिथे वेलस्लीच्या स्वतःच्या तुकडीने दरवाजाखालच्या डोंगरावर मोर्चा बांधला: दोन लोखंडी आणि दोन पितळी १२ पौंडी तोफांसाठी. अंतर थोडे, सेनापती समोर उभा, माणसे त्याच फौजेची. पण लोखंडी तोफा मोर्चापर्यंत नेताच आल्या नाहीत. शेवटी नुसत्या पितळी तोफांनी दुरून मारा करावा लागला, आणि त्याचा फारसा परिणाम झाला नाही. एकच किल्ला, एकच रात्र, एकच फौज. उत्तरेच्या तुकडीने १८ पौंडी तोफा ३० मैल नेल्या. दक्षिणेच्या तुकडीला त्याहून लहान तोफा शेवटच्या चढावर हलवता आल्या नाहीत. जोरात फरक होता का? नव्हता. फरक वाटेत होता. १५ डिसेंबरला गड पडला तो उत्तरेच्या तोफांनी पाडलेल्या खिंडारांतून. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले.

आता याच तोफेचा हिशेब मांडू. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे, म्हणजे गडाच्या उंचीला जायचे तर २ टनांची तोफ साधारण ७०० मीटर वर चढवायची. वस्तूचे वजन गुणिले उंची, एवढे कार्य कोणत्याही वाटेने गेले तरी करावेच लागते. त्यात सवलत नाही. हा आकडा येतो सुमारे १ कोटी ३७ लाख ज्यूल. आता वाटेचा खर्च. समजा नव्या केलेल्या डोंगरी रस्त्यावर गाड्याच्या चाकांना होणारा अटकाव वजनाच्या फक्त शेकडा १० होता. हे मी हात राखून धरतो आहे. प्रत्यक्षात तो जास्तच असणार. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. या अंतरावर त्या अटकावाशी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा येते सुमारे ९ कोटी ४० लाख ज्यूल. तोफ वर चढवायला एक वाटा, वाटेला जवळजवळ सात वाटे! आणि त्यात तोफगाड्याचे वजन मी धरलेलेच नाही. चढवलेल्या तोफेत निदान उंचीची ऊर्जा साठून राहते. ती पुन्हा खाली सोडली तर परत मिळते. घर्षणाला दिलेली ऊर्जा परत येत नाही. ती आखात, धावेत, दगडांत, मातीत उष्णता होऊन विरून जाते. काउंट रम्फर्डने १७९८ साली तोफेच्या नळीला भोक पाडताना हेच पाहिले होते. बोथट गिरमिट फिरवत राहिले की भोवतीचे पाणी उकळू लागे, आणि घोडे जोवर फिरत होते तोवर उष्णता संपत नव्हती. ती आली होती घोड्यांच्या श्रमातून.

हे झाले डोंगराचे. सपाटीवर काय? सपाटीवर तर उंचीचा प्रश्नच नाही. तिथे एकसारख्या वेगाने वस्तू ओढत नेली की तिला काहीच मिळत नाही: उंची नाही, वाढीव वेग नाही. मग ओढणाऱ्याची शक्ती गेली कुठे? सगळीच्या सगळी घर्षणात. शंभरातले शंभर. तुम्ही कपाट ओढणारी एखादी व्यक्ती पाहिली असेल, पहिल्या धक्क्याला सगळा जोर लागतो आणि एकदा वस्तू हलली की थोडे सोपे जाते. स्थिर वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असते म्हणून. फ्रान्सच्या अमोंतॉने १६९९ मध्ये आणि कुलोंने १७८१ मध्ये या घर्षणाचे नियम मांडले: ते वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि वस्तू आडवी ठेवा की उभी, टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकाराने फारसा फरक पडत नाही. कठीण जमिनीवर हे नियम बऱ्यापैकी खरे ठरतात. मऊ जमिनीवर ते कोलमडतात, आणि वऱ्हाडची जमीन वर्षातले चार महिने मऊ असते. तिकडे येतोच.

त्याआधी जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात जाऊ. दाबून बांधलेली कापसाची एक गाठ १७० किलोची. सिमेंटच्या जमिनीवर तिचा घर्षणांक आपण अर्धा धरू. ती दहा मीटर ओढत न्यायची तर सुमारे ८,३०० ज्यूल लागतात. तीच गाठ सव्वा मीटर उचलून ट्रकच्या फळीवर ठेवायला लागतात सुमारे २,१००. दहा मीटर ओढणे हे ट्रकवर चढवण्याच्या चौपट महाग! हे ज्याला कुणी शिकवले नाही तो हमाल काय करतो ते बघा. तो गाठ ओढत नाही. आकडा टोचून तो ती एका कडेवर उभी करतो आणि पुढे पालथी पाडतो. पुन्हा आकडा, पुन्हा कड, पुन्हा पालथी. प्रत्येक उलटापालटीत गाठीचा गुरुत्वमध्य दहा-बारा सेंटीमीटर वर जातो आणि खाली येतो. दहा मीटरला अशा सतरा-अठरा उलट्या धरल्या तरी एकूण खर्च साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास राहतो, ओढण्याच्या निम्म्याहून कमी. वस्तू घसरू दिली नाही, टेकत टेकत नेली, की घर्षण आपला वाटा मागू शकत नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते खांद्यात आणि मनगटात आहे. पण म्हणून गाठ हलकी होत नाही. शरीराची कार्यक्षमता शेकडा २० ते २५. म्हणजे बाहेर दिसणाऱ्या कामाच्या चार-पाचपट ऊर्जा आत जळते.

इथे एक जुना आक्षेप येतोच. पुस्तक म्हणते, डोक्यावर ओझे घेऊन सपाटीवर चालणाऱ्याने ओझ्यावर केलेले कार्य शून्य. मग कापूस वेचून गाठोडे डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत चालत येणारी बाई काहीच काम करत नाही, असे विज्ञानाचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. पुस्तक फक्त गाठोड्याचा हिशेब ठेवते: गाठोड्याला किती ऊर्जा मिळाली. बाईच्या शरीराचा हिशेब ते ठेवत नाही. ओझे नुसते पेलून धरायलासुद्धा स्नायू सतत आकुंचन पावत असतात, आणि त्यात अन्न जळते. गाठोड्याला काही मिळाले नाही आणि बाईचे मात्र सगळे गेले, हाच तर तक्रारीचा मुद्दा आहे! शून्याचा अर्थ श्रम शून्य असा नाही. श्रमाचे पदरात काही पडले नाही, असा आहे. ज्या शेतात बंडी, म्हणजे बैलगाडी, शिरू शकत नाही तिथे हे शून्य रोज, प्रत्येक फेरीला, भरावे लागते.

आणि बंडी शिरत का नाही? आता मातीकडे येऊ. इजिप्तमधल्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे, सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे. एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवलेला, दोर धरून माणसांच्या रांगा तो ओढताहेत, आणि गाडीच्याच पुढच्या टोकावर उभा असलेला एकजण वाळूवर पाणी ओततो आहे. बरीच वर्षे ते धार्मिक विधी असावा असे मानले जाई. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की वाळूत योग्य प्रमाणात पाणी असले तर ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो. कोरडी वाळू घसरगाडीपुढे ढिगासारखी साचते. ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पृष्ठभाग घट्ट होतो. पण पाणी जास्त झाले की तोच फायदा नाहीसा होतो. ही वाळूची गोष्ट. आमची काळी माती वाळू नव्हे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकते. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-अकोट-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात, तर सोडियमच्या क्षारांमुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी खाली मुरत नाही आणि चिखल दिवसेंदिवस तसाच राहतो. आपला शेतकरी वाफशाची वाट पाहतो ती उगीच नाही. वाफसा म्हणजे अशी वेळ, जेव्हा वखराच्या पासेला माती चिकटत नाही आणि ढेकळेही निघत नाहीत. कमीत कमी ओढीत जास्तीत जास्त काम होते ती वेळ. इजिप्तच्या त्या पाणी ओतणाऱ्याला जे साधायचे होते तेच तिफण, डवरा, वखर चालवणारा साधतो. फरक एवढाच की त्याच्या हातात पाण्याचे भांडे नाही. त्याला आभाळाकडे पाहत थांबावे लागते.

शेतात थांबता येते. शेताकडे जाणाऱ्या पांदणीत थांबता येत नाही. खत न्यायचे, बियाणे न्यायचे, वेचलेला कापूस, सोंगलेले सोयाबीन घरी आणायचे, तर पांदण जशी असेल तशी तुडवावी लागते. म्हणून माझ्या हिशेबाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा पांदणीचा आहे. बंडी आणि माल मिळून १० क्विंटल धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी चाकांना होणारा अटकाव वजनाच्या शेकडा २-३. आपण २ धरू. ओढ झाली २० किलोची. चिखलाच्या पांदणीत तोच अटकाव शेकडा २० सहज होतो, कधी त्याहून जास्त. ओढ झाली २०० किलोची. बैलजोडी दिवसभर सुखाने किती ओढते? साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे. मध्यम ते मोठ्या जोडीला ७०-८० किलो. २०० किलो ती ओढू शकते, पण थोडा वेळ, झटके देऊन, गुडघे टेकत, मानेवरच्या जुवाला भिडून. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद आणि लोणी लावून बैलाचा खांदा शेकतो. ज्या खांद्याची एवढी काळजी घेतो त्याच्यावर वर्षभर जे ओझे पडते ते मालापेक्षा चिखलाचे जास्त असते, हे आपण कधी मोजले आहे का?

चिखलात असे का होते हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मऊ जमिनीत चाक रुतते, आणि रुतलेल्या चाकापुढे मातीचा एक उंचवटा कायम उभा राहतो. चाक पुढे सरकते तसा तो उंचवटाही पुढे सरकतो. म्हणजे चाक सपाटीवर चालत नसते; ते आपणच केलेल्या खड्ड्यातून सतत वर चढत असते. अमोंतॉचा पृष्ठभागाचा नियम इथे लागू पडत नाही. अरुंद लोखंडी धाव सुरीसारखी आत जाते, रुंद रबरी चाक कमी रुतते. चाकोरी पडली की पुढची प्रत्येक बंडी तिच्यातच जाते आणि ती आणखी खोल करते. आता ऊर्जेचा हिशेब बघा. चिखलाच्या एका किलोमीटरला लागतात सुमारे २० लाख ज्यूल. तेवढ्याच ऊर्जेत तीच बंडी डांबरी रस्त्यावर जाईल १० किलोमीटर. आणि तेवढाच भार पोलादी रुळांवर, वजनाच्या हजारात तीनच्या आसपास अटकाव धरला तर, साठ-सत्तर किलोमीटर जाईल. मूर्तिजापूर ते अचलपूर हा आपल्या शकुंतला रेल्वेचा मार्ग ७६ किलोमीटरचा होता. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा एक किलोमीटर चिखल जवळजवळ मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वेप्रवासाइतका महाग! आकडे अदमासाचे आहेत. दीडपट इकडे-तिकडे झाले तरी निष्कर्ष हलत नाही.

आता इतिहास या आकड्यांच्या उजेडात पाहा. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या लदनीच्या बैलांवरून गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे नॅरोगेज गेली. कुणासाठी? कापसाच्या गाठींसाठी, बंदरापर्यंत माल स्वस्तात नेणाऱ्यांसाठी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. आज गाडी बंद आहे. आणि जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अखंड घातला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. ज्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी दिवसरात्र खपून ते केले त्यांच्या कौशल्याला माझा मनापासून नमस्कार. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याच लोणी-माना पट्ट्यात महामार्गाला येऊन मिळणाऱ्या पांदणींचे काय? शेकडा ३ चा अटकाव शेकडा २ वर आणायला आपण विक्रम करतो. शेकडा २० चा शेकडा ५ वर आणायला विक्रम लागत नाही. मुरूम, खडी, दोन्ही बाजूंना चर आणि थोडी चिकाटी लागते.

यावर पहिले उत्तर तयार असते: आता बैल राहिले कुठे? ट्रॅक्टर आले. मान्य. पण ट्रॅक्टरने घर्षणाचे नियम रद्द केले नाहीत. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरचे चाक फिरते जास्त आणि पुढे जाते कमी. त्या घसरणीत डिझेल जळते आणि माती लोण्यासारखी मळली जाते. जड ट्रॉलीने पडलेल्या चाकोऱ्या बंडीच्या चाकोऱ्यांहून खोल असतात, आणि त्याच पांदणीतून बंडी, सायकल, शाळेत जाणारी मुले, बाळंतपणासाठी निघालेली बाई, सगळ्यांना जावे लागते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो जास्त डिझेल जाळून सुटतो. ज्याच्याकडे नाही त्याचे काय? जोर वाढवून प्रश्न सुटत नाही, तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. घर्षण शत्रू कसे? घर्षण नसेल तर माणूस चालू शकणार नाही, बैल पाय रोवू शकणार नाही, गाडी थांबणार नाही. अगदी बरोबर. १९१४ पासून अमरावतीत चालत आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर रस्सीखेच पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही. दोराचा ताण दोन्ही बाजूंना सारखाच असतो. जिंकतो तो, ज्याचे पाय जमिनीला जास्त घट्ट धरतात. मग घर्षण हवे की नको? उत्तर असे: खुराखाली हवे, चाकाखाली नको. आणि चिखलाचा खरा अन्याय हाच आहे की तो दोन्ही बाजूंनी लुटतो. चाकाखालचा अटकाव तो दहापट करतो, आणि त्याच वेळी खुराखालची पकड काढून घेतो. जिथे जास्त जोर लागतो तिथेच तो लावायला आधार मिळत नाही. घट्ट मुरमाचा रस्ता दोन्ही एकदम देतो. म्हणून तो साधा वाटला तरी वाहतुकीतली सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

तिसरा आक्षेप दयाळू माणसांचा आहे, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. वाट सोपी केली की मालक बैलावर ओझे वाढवेल. बैलाचा फायदा शून्य. ही भीती खोटी नाही. १९६५ चे जनावरांवरील क्रूरता प्रतिबंधाचे नियम पाहा. दोन चाकी गाडीला जुंपलेल्या एका मध्यम बैलासाठी साध्या चाकांवर ७०० किलो, रबरी धावा असतील तर १,०५०, बॉल बेअरिंग असतील तर १,४०० किलो अशी भाराची मर्यादा आहे. म्हणजे घर्षण कमी झाले की ओझे वाढवायला कायदाच परवानगी देतो! पण त्याच नियमांत त्याचे उत्तरही आहे. वाटेत किलोमीटरभर चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त असेल, तर ही मर्यादा निम्मी करावी, असे ते सांगतात. भर उन्हात ३७ अंशांच्या वर तापमान असताना दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही, असेही सांगतात. म्हणजे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की ओझे किलोवर नाही, वाटेवर मोजायचे असते. मग हाच न्याय चिखलाला लावा. दहाला एक चढ म्हणजे वजनाच्या शेकडा १० जादा ओढ. चिखलाची पांदण मागते शेकडा २०. सपाट दिसणारी ती पांदण बैलासाठी १० मीटरला २ मीटर चढणारा घाट आहे, कायद्याला ज्याची धास्ती वाटली त्याच्या दुप्पट उभा. भाराची मर्यादा पाळायला लावणे आणि वाट सुधारणे ही दोन्ही कामे एकत्रच करायची आहेत. एकाच्या भीतीने दुसरे टाळायचे नाही.

राहिला पैशाचा आणि भांडणाचा प्रश्न. पांदणीवर अतिक्रमणे आहेत, धुरे सरकले आहेत, शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? पण यासाठी साधने आहेत. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. रोजगार हमीची जोड देऊन २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आखली गेली. कायदा आहे, योजना आहे, मुरूमही आहे. कमी आहे ती मोजणीची. कुणी सांगत नाही की अमुक पांदणीत अमुक शेतकऱ्याची किती शक्ती जाते, म्हणून ती यादीत खाली जाते आणि डांबराच्या जाहिराती वर राहतात.

म्हणून शेवटी दोन मागण्या करतो. एक अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला आणि अमरावती-अकोला या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना. अवजारांची ओढ मोजणारे डायनॅमोमीटर प्रयोगशाळेत असतात. ते घेऊन विद्यार्थ्यांना भर पावसाळ्यात पांदणींवर पाठवा. खडीकरणाआधीची ओढ मोजा, नंतरची मोजा आणि दोन्ही आकडे त्या गावाच्या चावडीवर लावा. दुसरी मागणी आपल्या सगळ्यांना. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर पांदण पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि ठराव होऊन तहसील कार्यालयात त्याची पोच मिळेपर्यंत उठू नका.